बडबड्या बिल्डचा बंदोबस्त (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक जेनकिन्स, एक भरत आलेली डिस्क आणि सावेडीतल्या घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणारा नवा इंजिनिअर, म्हणजे तुम्ही. (पत्त्यात आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच.)

बिल्ड सुरू करा आणि चहाला जा. तेवढ्यात इन्स्टॉलर एक साधा प्रश्न विचारतो: पुढे जाऊ का, हो की नाही? सर्व्हरवर उत्तर द्यायला कुणी बसलेलं नसतं. रिकामं उत्तर त्याला चालत नाही, म्हणून तो पुन्हा विचारतो. पुन्हा. अत्यंत नम्रपणे. जेनकिन्स हे सगळं त्या बिल्डच्या फोल्डरमधल्या ‘लॉग’ नावाच्या फाइलीत इमानेइतबारे उतरवून घेतो. आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला, सच्चिदानंदबाबांनी 1290 मध्ये ज्ञानेश्वरी उतरवून घेतली असं परंपरा सांगते. ती सुमारे 9 हजार ओव्यांत पुरी झाली. हा लेखनिक चहा निवायच्या आत तो आकडा ओलांडतो, आणि मजकूर एकच.

डिस्क भरली की इतरांचीही बिल्डं पडतात आणि ग्रुपवर विचारणा सुरू होते. ‘आमच्याकडे लाइट गेली होती’ हे इथे चालत नाही. सर्व्हर तुमच्या घरी नाही, हे त्यांना ठाऊक आहे.

आता उपाय. ‘लॉगफाइल साइझ चेकर’ हे प्लगइन बसवा आणि कमाल आकार एमबीत भरा. चालू बिल्डचा लॉग त्यापुढे गेला की प्लगइन बिल्ड थांबवतं. निकाल ‘अबॉर्टेड’ की ‘फेल्युअर’, हेही ठरवता येतं. ‘फेल्युअर’ घ्या, ‘अबॉर्टेड’ दिसलं की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्या कुणीतरी थांबवलं असेल.

आकडा किती? ट्रॅव्हिस 4 एमबीनंतर कामच बंद पाडायचं. गिटलॅब रनरची ठरलेली मर्यादाही 4 एमबीच, पण तो फक्त लिहिणं थांबवतो, काम चालूच राहतं. दुखणं तसंच, कण्हणं तेवढं ऐकू येत नाही. तुम्ही चार-पाच धड बिल्डांचे लॉग पाहा आणि सर्वांत मोठ्याच्या तिप्पट ठेवा.

बिल्ड थांबलं की सीनियर म्हणतील, ‘लिमिट वाढव.’ हो म्हणा, वाढवू नका. लॉगच्या शेवटी काही सापडत नाही. तीच ओळ पहिल्यांदा कुठे आली ते शोधा आणि तिच्या वर बघा. इन्स्टॉलरला ‘सगळ्याला हो समज’ हा पर्याय द्यायचा राहिलेला असतो. काम एका अक्षराचं. ते रिव्ह्यूतून मंजूर व्हायला मात्र गुरुवार उजाडतो.