डाव्या पायाची ऑन-रोड किंमत

आईच्या मते माझा डावा पाय अनमोल आहे. मोटारीच्या शोरूममधल्या मुलाच्या मते तो सुमारे पन्नास हजारांचा आहे, एक्स-शोरूम. रजिस्ट्रेशन आणि विमा वेगळा.

त्याचा हिशेब सरळ होता. साध्या गाडीला तीन पेडलं, त्यातलं क्लचचं पेडल डाव्या पायाच्या वाट्याला येतं. लहानपणी मिरजेत पोलिओ झाल्यापासून माझा हा पाय शोभेपुरता उरलाय. त्याला काही दाबायला सांगितलं की तो आधी विचार करतो, मग नंतर बघू म्हणतो. म्हणजे मला ऑटोमॅटिकच हवी. त्यातली सर्वांत स्वस्त ती एएमटी. गिअरबॉक्स नेहमीचाच, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम यंत्र करतं. या यंत्राचे ते पन्नास हजार. सीव्हीटी किंवा डीसीटीचे डोहाळे लागले तर फरक लाखाच्या घरात.

"पण सर, बेस मॉडेलमध्ये ऑटोमॅटिक येत नाही," मुलगा म्हणाला. "एक पायरी वर जावं लागेल."

पायऱ्या हा माझा आवडता विषय नाही. तरी चढलो. वरच्या पायरीवर म्युझिक सिस्टिम होती, बटणानं हलणारे आरसे होते आणि मागच्या काचेला वायपर होता. माझ्या डाव्या पायाला मागचा वायपर लागतो हे आजवर एकाही हाडांच्या डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

तसा मी जन्माला जरा घाईनंच आलो. पुण्याच्या फिरोदियांनी १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आणली आणि स्कूटरला गिअर नसले तरी काही बिघडत नाही हे देशाला पटलं. मोटारीच्या बाबतीत हे पटायला आणखी तीस वर्षं गेली. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली. एएमटी असलेली ही देशातली पहिली गाडी. आणि पुढच्याच महिन्यात, २७ मार्च २०१४ ला, जागतिक आरोग्य संघटनेनं भारत पोलिओमुक्त झाल्याचं जाहीर केलं. पोलिओवाल्यांना परवडेलशी गाडी बाजारात येते काय, आणि नवे पोलिओवाले निघणं बंद होतं काय! गिऱ्हाईक आणि माल यांची इतकी नेमकी चुकामूक व्यापाराच्या इतिहासात क्वचितच झाली असेल.

मात्र सरकार अगदीच दुष्ट नव्हतं. छोट्या गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर सेस असा भाव चालू होता, तेव्हा अस्थिव्यंग असलेल्यांना १८ टक्क्यांत गाडी मिळायची. अटी थोड्याच. गाडी चार मीटरपेक्षा लांब नको, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत. पाच वर्षं गाडी विकणार नाही असं शपथपत्र. आणि या सगळ्याला दाखला दिल्लीच्या अवजड उद्योग मंत्रालयाचा. माझ्या पायाचा घेर पाहता त्याची फाइल अवजड उद्योगांकडे जावी, हा त्याचा आजवरचा सर्वांत मोठा सन्मान होता.

राहिली एकच अट: अपंगत्व किमान ४० टक्के हवं. दहावीला पास व्हायला ३५ पुरतात. इथं परीक्षा जास्त कडक.

आता माझी अडचण समजून घ्या. मी आयुष्यभर एकाच कलेची साधना केली, लंगडणं लपवण्याची. कॉलेजात मी मुलींच्या डावीकडून चालायचो, त्यामुळे पाय आड राहायचा. लग्न ठरवताना मुलगी पाहायला गेलो तो सर्वांच्या आधी जाऊन बसलो आणि सर्वांच्या नंतर उठलो. आणि आता मला डॉक्टरांच्या बोर्डापुढे मनसोक्त लंगडायचं होतं. आदल्या रात्री हॉलमध्ये सराव केला. बायकोनं परीक्षण केलं: "फार नाटकी वाटतंय. मूळचंच बरं आहे."

प्रत्यक्ष बोर्डापुढे नाव पुकारलं गेलं, समोर तीन डॉक्टर, त्यांतल्या एक तरुण बाई. आणि चाळीस वर्षांची साधना ऐन वेळी उफाळून आली. छाती पुढे, नजर समोर, मी असा चाललो की २६ जानेवारीला कर्तव्यपथावर घेतलं असतं.

"छान चालता की!" बाई कौतुकानं म्हणाल्या.

माझ्या पोटात गोळा आला. नशिबानं त्यांनी टेप काढली, दोन्ही पायांची लांबी नि घेर मोजला, स्नायूंचा जोर पाहिला. टेपपुढे अभिनय चालत नाही. चाळिशी ओलांडली. पहिला वर्ग मिळाल्यासारखे पेढे वाटावेत असं मला वाटलं, पण कशाबद्दल ते लोकांना काय सांगणार?

मधल्या काळात इचलकरंजीहून दाजी आले. माझा पन्नास हजारांचा हिशेब ऐकून त्यांनी चहा अर्ध्यावर ठेवला. "पन्नास हजार? एका दांड्याचं काम आहे!" त्यांच्या ओळखीच्या एका जॉबरनं आयुष्य यंत्रमाग दुरुस्त करण्यात घालवलं होतं. त्यानं दाजींच्या जुन्या गाडीच्या क्लचला दांडा जोडला आणि तो गिअरशेजारी वर काढला. असली जोडणी मान्यताप्राप्त असावी लागते, आरसी बुकावर चढवावी लागते, हे मी सांगून पाहिलं. "आधी चालवून तर बघ," दाजी म्हणाले. कुठल्याही मराठी घरात दाजींपुढे कायदा टिकत नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही इथं बेंगळुरूत, कोरमंगलाच्या ८० फूट रोडवर उतरलो. डाव्या हातानं दांडा ओढायचा, त्याच हातानं गिअर टाकायचा, मग दांडा हळूहळू सोडायचा. उजव्या हाताकडे स्टिअरिंग, हॉर्न, इंडिकेटर. गणपतीला चार हात का असतात याचा उलगडा मला सोनी वर्ल्ड सिग्नलपाशी झाला. तिथं डोक्यावर ईजीपुरा फ्लायओव्हरचे खांब उभे आहेत. त्याचं काम २०१७ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षं रखडलं. सिग्नल हिरवा झाला, मी दांडा सोडला, गाडीनं बेडकासारखी उडी मारली नि बंद पडली. पुन्हा दांडा, पुन्हा उडी. फ्लायओव्हर आणि मी, दोघंही तिथंच.

मागून हॉर्नचा जल्लोष सुरू झाला. डिलिव्हरीची पोरं दोन्ही बाजूंनी वाहू लागली. मिरजेचा असल्यानं मला कानडी कळते, हे त्या दिवशी दुर्दैवच ठरलं. "गेअर हाकी सार्!" इथवर ठीक होतं. पुढचं दाजींना मी भाषांतर करून सांगितलं नाही. शेवटी दोन पोरांनी गाडी ढकलून कडेला लावली. दाजी शांतपणे म्हणाले, "दांडा जरा लांब पाहिजे होता."

मग दाखल्यासाठी दिल्लीला पाठवायचे कागद मी नेटानं जमवले. फोटो, शपथपत्र, टक्केवारी, सगळं एका फायलीत लावलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. त्या दिवसापासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सगळ्यांसाठी! बोर्ड नाही, टेप नाही, दाखला नाही. जो दर मिळवायला मी लंगडायचा सराव करत होतो, तो आता दोन्ही पाय धडधाकट असलेल्या कुणालाही नुसतं शोरूममध्ये शिरल्यावर मिळणार होता.

कुणालाही म्हणजे शेजाऱ्यांनाही. आमचे शेजारी मॅरेथॉन धावतात. त्यांनी त्याच आठवड्यात माझ्या मनातल्या रंगाची ऑटोमॅटिक आणली. "ट्रॅफिकमध्ये क्लच दाबून दाबून गुडघा जातो हो," ते म्हणाले. खोटं नव्हतं. टॉमटॉमच्या २०२२ च्या पाहणीत बेंगळुरूच्या मध्यभागात दहा किलोमीटर जायला २९ मिनिटं लागत होती आणि मंदगतीत शहराचा नंबर जगात दुसरा होता. ४२ किलोमीटर पळणाऱ्या गुडघ्याला इथं क्लच झेपत नाही. म्हणून ऑटोमॅटिक ही चैन झाली आणि चैनीच्या वस्तूसारखीच तिची किंमत लागते. त्यांच्या सोयीचे पन्नास हजार, माझ्या गरजेचेही पन्नास हजार, आणि कर दोघांना सारखाच. घटनेत लिहिलेली समानता इतक्या लखलखीतपणे मला कधी भेटली नव्हती.

विजेच्या गाडीला क्लचच नसतो आणि जीएसटी ५ टक्के. पण मूळ किंमतच अशी की त्यासाठी दुसरा पायही विकावा लागला असता. मी मुकाट्यानं एएमटी घेतली, मागच्या वायपरसकट.

गाडी फार सोपी निघाली. इतकी सोपी की आजवर ड्रायव्हिंगला घाबरणारी बायको ती चालवू लागली. मग मुलगा लगेच शिकला. आता सकाळी ती बायकोच्या ऑफिसला जाते, संध्याकाळी मुलाच्या क्लासला आणि रात्री त्याच्या मित्रांना सोडायला. मी रिक्षानं जातो.

परवा असाच सोनी सिग्नलला रिक्षात अडकलो होतो. "मीटर मेले ऐवत्तु," हे आधीच ठरलेलं, मीटरवर पन्नास जादा. बसल्या बसल्या माझं लक्ष ड्रायव्हरच्या हातांकडे गेलं. क्लच डाव्या हातात, गिअर त्याच मुठीत, डावा पाय रिकामा. आपल्या पुण्याच्या बजाजनं कित्येक वर्षं देशभर हातातला क्लच विकला, एक रुपया जादा न लावता, आणि मी दाजींचा दांडा ओढत बसलो! मी पुढे वाकून विचारलं, "ही नवी केवढ्याला पडते हो?"

त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "केलसा होय्ता, सार्?" म्हणजे, नोकरी गेली का?

कोरमंगलात हा प्रश्न कुणालाही शोभतो. मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात तो म्हणाला, वरचे पन्नास राहू द्या. दाखला नाही, शपथपत्र नाही, टेप नाही, आणि हातात सवलत! मी चेहरा होईल तेवढा पाडला आणि ती घेतली.