सिरॅमिकपंतांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. नाइन एच सिरॅमिकपंत,
मुक्काम बॉनेट, रत्नागिरी, यांस
गाडीच्या तळाच्या पत्र्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मला सोपा जातो, मी कायम पालथाच असतो.)

आपलं काय ते कौतुक! शोरूममधून गाडी निघाली ती थेट डिटेलिंगवाल्याकडे. पुढच्या बंपरला आणि बॉनेटला आपले थोरले बंधू पीपीएफ (पेंट प्रोटेक्शन फिल्म), वर सगळ्या अंगभर आपण, म्हणजे सिरॅमिक कोटिंग. बिलाचा आकडा माझ्याही कानावर आला. तेवढ्यात अख्ख्या आळीला मोसमभर हापूस खाऊ घालता आला असता.

‘नाइन एच आहे, हिऱ्याच्या खालोखाल,’ असं दुकानदार म्हणाला आणि आपण गप्प बसलात! पंत, ती पेन्सिलींची कसोटी. ठरावीक दाबाने पेन्सिल ओढायची आणि कुठल्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते बघायचं. हिऱ्याचा इथे संबंध काय? आमच्या आळीतली पोरं तर पेन्सिलही घेत नाहीत. जांभ्याची लाल धूळ बसली की बोटानेच ‘मला धुवा’ लिहितात. मग ती धूळ कोरड्या फडक्याने पुसली जाते आणि ओरखडे उठायचे ते उठतातच. आपली जाडी जेमतेम एक-दोन मायक्रॉन. माणसाचा केस 70च्या आसपास असतो. आपल्यामुळे पाणी घरंगळतं, धुणं सोपं होतं, एवढं मात्र कबूल.

थोरल्यांचा मला आदर आहे. 150 ते 200 मायक्रॉनचं पॉलियुरेथेन, बारीक ओरखडे उन्हाच्या तापाने स्वतःच भरून काढणारं. हातखंब्याला डंपरमागून उडणारी खडी ते अंगावर झेलतात. तीच खडी मलाही बसते, पण माझ्या मापाची फिल्म कोणी कापली नाही.

मांडवीचा खारा वारा सगळ्यांनाच लागतो, मुक्कामाला राहतो तो माझ्याकडे. चाकाच्या खोबणीत चिखल, चिखलात मीठ, आणि मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. त्यामुळे पाऊस गेला तरी मी पुरता वाळत नाही. मिरकरवाड्याहून निघालेल्या मासळीच्या टेंपोतून गळलेलं पाणी टायर माझ्यावरच उडवतात. कारखान्यात मला टाकीत बुडवून विजेने एक थर चढवलाय खरा, पण खडीने टवका उडाला की गंज तिथूनच आत शिरतो.

आपल्यावर कावळा शिटला, आंब्यावरच्या तुडतुड्यांची खार पडली, की मालक बनियनवर धावत येतात. माझ्याकडे ते वाकून बघतात ते मांजराचं पिल्लू आत शिरलं तरच.

मागणं फार नाही. रविवारी ते आपल्यावरून बोट फिरवायला येतील, तेव्हा कानात सांगा: गोड्या पाण्याचा पाइप जरा खालीही धरा. दाराच्या तळाची भोकं पाल्याने बुजलीत, ती मोकळी करा. दुकानदार खालून काळं कोटिंग मारायला निघाला, तर आधी गंज खरवडून मला नीट वाळू द्या. झाकल्यावरही आत गंजाचं काम चालूच राहतं. इथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि मृग काही लांब नाही.

आपला चरणरज,
पत्रा

ता. क. : आपलं वॉरंटी कार्ड डॅशबोर्डच्या खणातून घसरून खाली पडलं होतं, तेव्हा वाचलं. त्यात माझं नाव नाही.