न खेळण्याचा खेळ

फणसवाडीतला एखादा हिशेबनीस फोर्टातल्या कचेरीत ताळेबंद जुळवत असतो, तेव्हा त्याच संगणकाच्या एका उघड्या टॅबमध्ये त्याच्या शेकडो आज्या बिस्किटे भाजत असतात. खेळाचे नाव ‘कुकी क्लिकर’. ज्युलियाँ थिएनो या फ्रेंच प्रोग्रामरने तो 2013 साली काढला. सुरुवातीला बिस्किटावर बोट आपटायचे, 15 बिस्किटांत कर्सर घ्यायचा, 100 बिस्किटांत आजी. पुढे बोटही नको.

साहेबाचा ओरडा नाही, हरण्याची भीती नाही, आणि आकडा सतत वाढता. पगारदार माणसाला आणखी काय हवे? खोच एवढीच की दर खरेदीनंतर पुढच्या आजीचा भाव 15 टक्क्यांनी चढतो. महागाईला कंटाळलेला माणूस ती इथे हौसेने अंगावर घेतो.

गेम डिझायनर इयन बोगोस्ट यांनी 2010 साली फेसबुकवरच्या असल्या खेळांची टर उडवायला ‘काऊ क्लिकर’ रचला. दर सहा तासांनी गाईवर एक टिचकी, बस्स. लोकांनी ती टर मन लावून खेळली, वर नव्या गाईंसाठी पैसे मोजले! सप्टेंबर 2011 मध्ये गाई गायब केल्या, तरी काही जण मोकळ्या गवतावर टिचक्या मारत राहिले.

‘कुकी क्लिकर’मध्ये कमावलेले सगळे सोडून शून्यापासून सुरुवात करता येते, मोबदल्यात पुढचा डाव वेगाने चालतो. गिरगावात चाळी रिकाम्या करून भाड्याच्या घरात टॉवरची वाट पाहणाऱ्यांना यातला पहिला भाग पाठ आहे. वेगाचे कलम बिल्डरच्या करारात सहसा बारीक टायपात असते.