पांढऱ्यावर करडं

प्रोग्रॅमर पांढऱ्यावर काळं करायला बसला की आधी काळं काढून टाकतो. त्याच्या ब्लॉगवरची अक्षरं करडी असतात आणि बारीकही. वेब सर्वांना वाचता यावं म्हणून केलेल्या डब्ल्यूसीएजी २.० या नियमावलीने २००८ सालीच सांगून ठेवलंय, की साधा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट किमान ४.५ ला १ हवा. #७७७७७७ हा करडा रंग पांढऱ्यावर ४.४८ पर्यंत जातो, म्हणजे काठावर नापास. आमचा लेखक काठावर नापास होणाऱ्यांतला नाही. तो #९९९९९९ निवडतो: २.८५. ब्लॉगचं ब्रीद, 'वापरणाऱ्याचा विचार आधी'.

डोळे बारीक करून पहिली ओळ लागते न लागते, तोच मधोमध चौकट उगवते. आवडलं का? ईमेल द्या, दर आठवड्याला पाठवतो. अहो, पण काय आवडलं? ट्रायपॉड या वेब कंपनीत असताना पॉप-अप जाहिरातीचा कोड लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. लोकांनी त्यांचा कोड तेवढा उचलला, माफी नाही.

चौकटीची फुली शोधावी (तीही करडीच) आणि मजकुराकडे वळावं. आपण रात्री उशिरा एका एररवर उतारा शोधत आलेलो असतो, सकाळी क्लायंटला डेमो असतो. लेखक मात्र वडिलांनी घरी पहिला संगणक आणला तिथून सुरुवात करतो. मग लिनक्सचं माहात्म्य. मग डॉकर म्हणजे काय. ते माहीत नसतं तर हा एरर आपल्यापर्यंत आलाच नसता. दर दोन परिच्छेदांनी एक हलतं मांजर. वर 'वाचायला ४ मिनिटं' अशी हमी असते, ती बहुधा मांजरं वगळून. अगदी तळाशी टर्मिनलमध्ये चिकटवायची एक ओळ सापडते. तिच्याआधी 'हे फार सोपं आहे' असं लिहिलेलं असतं, आणि ती चालत नाही.

का चालत नाही, ते कळायला लेखावर तारीख हवी. मजकूर शिळा दिसू नये म्हणून ती मुद्दाम काढलेली असते. ताम्रपटाचा काळ अक्षरांच्या वळणावरून ठरवतात, तसा मग लेखाचा काळ कोडवरून ठरवायचा. प्रिंटला कंस नाही, म्हणजे पायथन २. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे लेख बहुधा त्याआधीचा. किती आधीचा, ते संशोधकांवर सोपवून पुढची लिंक उघडावी.

तरी या माणसाला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. एररवरचा तो लेख सोडला तर ब्लॉगवर आणखी तीनच लेख असतात. वर्डप्रेस सोडून मी जेकिलकडे का वळलो. जेकिल सोडून ह्यूगोकडे का वळलो. आणि ह्यूगोही सोडून स्वतःचा साइट जनरेटर कसा लिहिला. हा तिसरा खरोखर वाचनीय असतो, खोटं कशाला बोला. माणूस त्यात जीव ओततो. डार्क मोडचं बटण, खाली सरकवताच तरंगत वर येणारे परिच्छेद, सगळं स्वतःच्या हाताने केलेलं. एवढी मेहनत केल्यावर वर आणखी लिहायचंही, म्हणजे अतीच झालं.

त्या तिसऱ्या लेखाच्या नावापुढे 'भाग १' असतं आणि खाली 'भाग २ लवकरच'. पानावर तारीखच नसल्यामुळे त्याला उशीर झालाय असं कुणाला म्हणताही येत नाही.