लॅपटॉपचा उतारा

म्हसळ्यात माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो, पण खात्री पटते ती सातबाऱ्यावरूनच. 1948 पर्यंत आम्ही जंजिऱ्याच्या नवाबाची रयत. नवाबी गेली, कागद जपायची खोड राहिली. म्हणून माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे हे कळताच नानाकाकांनी विचारलं, "उतारा मिळतो का याचा?"

मिळतो. काळ्या खिडकीत 'डीपीकेजी' लिहायचं, जागा सोडून 'डॅश एल', आणि एंटर. बसवलेल्या सगळ्या पॅकेजांची यादी भराभरा सरकू लागते. माझं लिनक्स म्हणजे डेबियन. 1993 साली इयान मर्डॉकने ते सुरू केलं आणि नावात आधी मैत्रीण डेब्रा घातली, मग स्वतःला.

"सामाईक खातं," काका म्हणाले.

हजारावर नावं बघून त्यांनी चष्मा पुसला. "एवढी कुळं तू लावलीस?"

मी मागितली होती मोजकीच. 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' म्हटलं की तेवढीच दिसतात. बाकीची त्यांच्यामागून आलेली. एक व्हिडिओ प्लेअर बोलावला, तर तो आपल्या लायब्ऱ्या घेऊन आला, आणि त्या लायब्ऱ्या आपापली भावकी. "मूळ पॅकेज गेलं, की मागे राहिलेल्यांना 'ऑटोरिमूव्ह' बाहेर काढतं," मी म्हटलं.

"कुळकायद्यात उलटं झालं," काका म्हणाले. "मालक गेला, कुळ राहिलं."

मग त्यांचं बोट ओळींच्या सुरुवातीच्या दोन अक्षरांवर थांबलं. पहिलं अक्षर म्हणजे मालकाची इच्छा, दुसरं म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती. 'आय-आय' म्हणजे हवं होतं आणि आहे. 'आर-सी' म्हणजे काढून टाकलं, पण त्याच्या सेटिंगच्या फायली अजून घरातच.

काका खुलले. "म्हणजे आपला मुंबईचा दादा! हक्कसोड लिहून दिलं, पण माळ्यावरची ट्रंक हलवू देत नाही."

"त्यावर 'पर्ज' आहे. ट्रंकेसकट साफ."

"वारसांच्या सह्या?"

"'सुडो' लिहायचं आणि पासवर्ड द्यायचा. माझा एकट्याचा."

"फेरफार तरी नोंदवतात की नाही?"

मी 'डीपीकेजी डॉट लॉग' उघडून दाखवली. तारीख, तास, मिनिट, सेकंद, काय आलं, काय गेलं, सगळं ओळीने. काका थक्क झाले; इतकी चोख नोंद त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती.

"आणि हरकत घ्यायला पंधरा दिवस?"

"नाही. 'वाय' दाबलं की झालं."

काका ताडकन उठले. "मग कोर्टात टिकायचं नाही हे!"