अर्धीवाले आप्पा

प्रत्येक सोसायटीत एक आप्पा असतात. कुठे त्यांना नाना म्हणतात, कुठे काका, पण डबा तोच. श्रीखंडाचा, अर्धा किलोचा, झाकणावरचं चित्र पुसट झालेला, आणि आत कात्रीने कापलेल्या पाकिटांचे तुकडे. जिन्यात कुणी शिंकलं की झाकण उघडल्याचा टक् असा आवाज येतो आणि पाठोपाठ वाक्य येतं, "वहिनी, अर्धीच घ्या. अर्धीने काही होत नाही." आता अर्धीने काही होत नसेल तर ती घ्यायची कशाला, आणि होत असेल तर 'काही होत नाही' हे कुणाच्या भरवशावर, असा प्रश्न आप्पांना विचारून उपयोग नसतो. गोळी मोडली की अपाय अर्धा होतो आणि गुण मात्र अख्खा राहतो, यावर त्यांची गाढ श्रद्धा असते.

पण गोळी म्हणजे भाकरी नव्हे. जिच्या पोटावर मधोमध खाच असते ती सहसा मोडण्याच्या सोयीनेच बनवलेली असते, आणि रक्तदाबाची गोळी अर्धी घ्यायला कधी डॉक्टरच सांगतात. एवढं आप्पांच्या पदरात टाकायला हरकत नाही. बाकीच्यांचं काय? ॲसिडिटीवरच्या पँटोप्राझोलच्या गोळीला वरून जे कवच असतं, ते पोटातल्या आम्लापासून औषधाला वाचवायला असतं. आप्पा ती सुरीने कापतात, कवच फुटतं, आणि आम्लाचा बंदोबस्त करायला निघालेलं औषध आम्लातच वाया जातं. नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' असलेल्या गोळीचं उलटं असतं. तिच्यातलं औषध बारा-चोवीस तासांत थोडंथोडं सुटायचं असतं. ती मोडली किंवा चावली तर पुष्कळसं एकदम रक्तात उतरू शकतं. म्हणजे एक अर्धी निकामी, दुसरी अर्धी भारी, आणि आप्पांच्या लेखी दोन्ही सारख्याच निर्धोक.

अँटिबायोटिकची अर्धी तर सगळ्यांत वाईट, आणि हे सांगायला आजच्या डॉक्टरांची साक्षही लागत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेलच्या व्याख्यानातच एका गृहस्थाची कल्पित गोष्ट सांगून ठेवली आहे. घसा दुखतो म्हणून हा माणूस आपल्याच मनाने पेनिसिलिन घेतो, पण थोडंसं. जंतू मरण्याइतकं नाही, सरावण्याइतकं. मग तेच सरावलेले जंतू त्याच्या बायकोला लागतात, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, आणि ती जाते. फ्लेमिंगसाहेबांनी आप्पांना बरोबर ओळखलं होतं. श्रीखंडाचा डबा तेवढा त्यांना ठाऊक नव्हता. यावर वर्तमानपत्र वाचणारे आप्पा म्हणतात, "हल्ली डॉक्टरच कोर्स छोटे करतायत." खरं आहे. साध्या न्यूमोनियाला पूर्वी सात-दहा दिवस औषध चालायचं, ते आता बऱ्याचदा पाच दिवसांवर आलं आहे. पण तिथे दिवस कमी झाले, रोजचा डोस अर्धा झालेला नाही. आणि ते ठरवलं रोगी तपासणाऱ्याने. शिवाय साधी सर्दी विषाणूंची असते. तिच्यावर अँटिबायोटिक अर्धी घेतली काय आणि अख्खी घेतली काय, सर्दीला पत्ता लागत नाही.

आणि गोळीच चुकीची असली तर अर्धी करून ती बरोबर होत नाही. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा निघाला तर ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामोल, तेही मोजून. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजोबांना गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक दिलं, तर किडनीवर तिहेरी भार पडतो. पाकिटाच्या कडेला उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय घेऊ नये, असा तिचा अर्थ. आप्पांना ती कंपनीची नक्षी वाटते. त्यात पाकीटही अर्धं. औषधाच्या नावातलं नुसतं 'झोल' उरलेलं असतं, एक्स्पायरीतला 'मार्च' शाबूत असतो आणि साल कात्रीत गेलेलं असतं. "ती पिवळी," एवढ्या ओळखीवर आप्पा ती देतात. अर्धीच, अर्थात.

आप्पांच्या बाजूने एक आक्षेप मात्र सहजी उडवून लावता येत नाही. रात्री दोन वाजता ताप चढला तर दवाखाना बंद, मेडिकल बंद, आणि मोठ्या इस्पितळात पाऊल टाकायचं तर आधी पैशांची जुळवाजुळव. त्या वेळी दार वाजवलं की उघडणारा माणूस एकच, आणि तो बंडीवर, चष्मा शोधत, डबा घेऊन येतो. गोळी देऊन निघूनही जात नाही. कपाळावर पट्ट्या ठेवत ताप उतरेपर्यंत बसतो. गुण येतो तो बहुधा पट्ट्यांचा, नाव होतं अर्धीचं. आप्पांची पिढी कंपाउंडरच्या हातची आहे: बाटलीत लाल मिक्श्चर, बाहेरून डोसाच्या खुणा कातरलेली कागदाची पट्टी, आणि एक खूण जास्त प्यायलात तर ओरडायला काउंटरमागे ओळखीचा माणूस. तो माणूस गेला. त्याची जागा रिकामी दिसली, म्हणून आप्पा तिथे जाऊन बसले.

आता त्यांची स्वतःची रक्तदाबाची गोळी. डॉक्टरांनी रोज एक लिहिलेली असते. जनऔषधीत तेच औषध पुष्कळ कमी पैशांत मिळतं, पण स्वस्त गोळी अर्धंच काम करणार, असं आप्पांचं ठाम मत. म्हणून ते महागडी आणतात, एक दिवसाआड सकाळी सुरीने मोडतात, आणि उरलेली अर्धी दुसऱ्या दिवसासाठी चांदीत गुंडाळून डब्यात ठेवतात. पंधरा गोळ्यांचं पाकीट महिनाभर पुरतं. पेन्शनच्या तारखेशी ते बरोबर जमतं. डॉक्टरांनी विचारलं तर आप्पा सांगतात, रोज घेतो, एक दिवस चुकत नाही. आणि ते खोटंही नसतं.