देखरेखकाका

कसब्यात कुणाच्याही घरी ड्रिलचा आवाज सुरू झाला की तिसऱ्या मिनिटाला दारात एक गृहस्थ उभे असतात. लेंगा, बाह्यांची बंडी आणि बंडीच्या खिशात मोजायचा टेप. बोलावलेलं कुणीच नसतं. "चालू दे, चालू दे, मी नुसता बघतोय," असं म्हणून चपला काढतात, आणि त्यानंतर काहीही पूर्वीसारखं चालू राहत नाही.

हे देखरेखकाका. गल्लीगणिक एक असतोच. आमच्या वाट्याला आले ते जरा जास्तच जाणकार आहेत. लहानपण तांबट आळीच्या तोंडाशी गेलं, त्यामुळे ठोक्याच्या आवाजावरून पत्र्याची जाडी सांगतात. मेट्रोचं खोदकाम चालू होतं तितकी वर्षं रोज संध्याकाळी पत्र्याच्या फटीला डोळा लावून ते त्यांनी पार पाडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कसबा पेठ स्थानक सुरू झालं, त्याचं निमंत्रण आलं नाही हे शल्य अजून आहे. "भुयारातली हवा बाहेर कुठून काढलीय, ते तरी बघून आलास का?" असं मला विचारलं होतं. मी सरकता जिना बघून आलो होतो.

आमचा वाडा पडून तिथे इमारत झाली आणि चार बाय सात फुटांचं, बिनखिडकीचं बाथरूम वाट्याला आलं. त्यातला एक्झॉस्ट फॅन परवा कुरकुरून बंद पडला. वायरमनला बोलावलं. जुना काढायचा, नवा बसवायचा. काम वीस मिनिटांचं. त्यानं पहिला स्क्रू फिरवला आणि मागून आवाज आला, "हवा कुठं जाते?"

"बाहेर जाते काका."

"बाहेर म्हणजे कुठं? पत्ता सांग."

वायरमननं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. काकांनी स्टूल ओढलं, जुना पंखा उतरवून घेतला आणि भोकात कोपरापर्यंत हात घातला. हात बाहेर आला तो जळमटं, काळी बुरशी आणि गणपतीच्या मखराची सोनेरी झालर घेऊन.

पंख्याच्या मागे बाहेर नव्हतंच, आमचा माळा होता. आठ वर्षं आमच्या आंघोळीची वाफ गाद्यांवर, फराळाच्या डब्यांवर आणि मखरावर जात होती. मखराला बुरशी का धरते म्हणून आम्ही आठ वर्षं पावसाला शिव्या देत होतो. ज्यानं हे बांधलं त्याला काय म्हणावं ते काका म्हणाले. इथे छापता येणार नाही.

मग स्टुलावर बसून त्यांनी पेशवाई काढली. "१७५० च्या सुमारास नानासाहेबांनी कात्रजहून गावात पाणी आणलं. त्या नळाला जागोजागी दगडी उच्छ्वास बांधले. का? हवा कोंडली की पाणीसुद्धा अडतं. त्यांना कळलं, तुम्हाला कळत नाही." वायरमन विशीतला. नानासाहेब कुठल्या मजल्यावर राहतात, असा त्याचा चेहरा.

पुढचं गणित फरशीवर पेन्सिलीनं झालं. चार गुणिले सात गुणिले उंची नऊ, म्हणजे २५२ घनफूट. तासाला आठ वेळा हवा बदलायची तर २,०१६. मिनिटाला चौतीस. "आपण पन्नास धरू. अमेरिकेतही पन्नासच धरतात, जावई सांगत होता." मी नव्या पंख्याचं खोकं पुढे केलं. त्यावर ताशी २५० घनमीटर लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला जवळजवळ १४७ घनफूट. काकांनी खोक्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "हा आकडा मोकळ्या हवेतला. पुढे सात फूट पाइप लागला की हे पातं नुसतं जागच्या जागी गरगरणार. पाइपात बसतो तो पंखा आण, पिंजऱ्यासारख्या पात्यांचा."

पंखा बदलून आणला. माळ्यातून इमारतीच्या डक्टपर्यंत चार इंची पीव्हीसी पाइप. नागमोडी घडीचा नको, त्यात हवा घासते. बाक एकच. उतार बाहेरच्या अंगाला, नाहीतर वाफेचं पाणी होऊन उलट मोटारीत येणार. बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून झडप, आणि तोंडाला जाळी, कारण कसब्यातल्या पारव्यांना भोक दिसलं की त्यांचा संसार सुरू होतो. वीस मिनिटांचे दोन दिवस झाले.

मध्येच त्यांनी विचारलं, "गिझर गॅसचा नाही ना?" या एका प्रश्नाला आवाज निराळा होता. बंद बाथरूममध्ये पंख्याच्या ओढीनं गॅस गिझरचा जळका वायू आतच फिरू शकतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आमचा विजेचा आहे म्हटल्यावर ते पुन्हा पूर्ववत कटकटे झाले.

शेवटी उदबत्तीची परीक्षा. दार लावलं, पंखा सुरू केला, धूर जागेवरच लोंबकळत राहिला. वायरमनचा चेहरा उतरला. काकांनी वाकून दाराखाली बोट फिरवलं. झुरळं येऊ नयेत म्हणून बायकोनं तिथे रबरी पट्टी चिकटवली होती. "आत हवा यायला वाट नाही, तर बाहेर काय जाणार, डोंबल?" पट्टी निघाली, दार पाऊण इंच तासलं गेलं. आता स्वयंपाकघराच्या बाजूनं धरलेल्या उदबत्तीचा धूर दाराखालून सरळ आत सरपटला आणि वर जाऊन दिसेनासा झाला. काका चहा न घेता गेले. हा त्यांचा नियम आहे, बिस्किटं घेतात.

आठवड्यानं जिन्यात भेटले. "ओढ उत्तम आहे," म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

आमच्या पाइपाचं तोंड डक्टमध्ये जिथे निघतं, त्याच्या बरोबर वर त्यांच्या न्हाणीघराची खिडकी आहे. पंखा जी हवा ओढतो, ती दाराखालच्या फटीतून, म्हणजे आमच्या शेगडीवरूनच येते.

"मंगळवारचं अळू फर्मास होतं," काका म्हणाले. "आजच्या आमटीत मात्र हिंग नाही."

घरी येऊन बायकोला विचारलं. डबी कालच संपली होती.